भेगेवरची काच

गावातला गवंडी भिंतीवर नुसती बोटं फिरवून सांगायचा, "ही भेग उन्हाची, ही पाण्याची." खाणीत सुरुंग उडायला लागले आणि भेगांची तिसरी जात आली. रोज दुपारी जमीन हादरायची, फळीवरची भांडी वाजायची आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला बोलावणं यायचं. विहिरी आटल्या, मळे ओस पडले, त्याच्या हाताला मात्र उसंत नव्हती. बायको म्हणायची, "लोकांची घरं फाटतायत म्हणून आपलं बरं चाललंय. मला घास गोड लागत नाही."

यंदा खाणीच्या कंपनीने त्याला शाळेची भिंत लिंपायला लावली. भेग जोत्यापासून थेट छतापर्यंत गेलेली. आधी त्याने तिच्यावर सिमेंटने काचेची पट्टी आडवी चिकटवली. भेग जराशी रुंदावली तरी काच तडकणार. शनिवारी संध्याकाळी काच धड होती. रविवारी खाण बंद, एकही सुरुंग नाही. सोमवारी सकाळी काचेचे दोन तुकडे.

धक्क्याशिवाय भिंत सरकली होती. खाणीचे पंप सुट्टीच्या दिवशीही जमिनीतलं पाणी उपसत होते आणि खालची माती बसत चालली होती.

तो तडक मुख्याध्यापिकेकडे गेला. "बाई, आजपासून एकही पोर आत बसवू नका."

दुपारी मेहुणा आला. तो सुरुंगाच्या टोळीत होता. "दाजी, साहेब तापलाय. गुपचूप गिलावा मारा, नाहीतर माझ्या पोटावर पाय येईल."

"गिलाव्याने भेग दिसायची थांबते रे. वाढायची नाही थांबत."

काम गेलं. मेहुण्याने बोलणं टाकलं. मुलं झाडाखाली बसू लागली, तेव्हा आईबाप कुरकुरले, "मेस्त्रीला भलताच घोर!" तेराव्या दिवशी, ऐन शाळेच्या वेळी, तो कोपरा हातभर खचला आणि छत रिकाम्या बाकांवर कोसळलं.

मग गवंडी आपणहून घरोघर पट्ट्या लावत सुटला. पहिल्या नऊ घरांतल्या सात काचा आठवड्याभरात तडकल्या. दहाव्या घरची म्हातारी दार अडवून उभी राहिली.

"आमच्याकडे नको बाबा काच."

"मावशी, निदान कळेल तरी."

"कळून जाऊ कुठं? हे घर आता घेतंय कोण?"

त्याने थैली खाली ठेवली, आत जाऊन तिची खाट भिंतीपासून ओढून दाराजवळ आणली आणि थैली उचलून पुढच्या घराकडे निघाला.