खोकल्याचा लिलाव

देवाने प्रत्येकाला श्वास दिला. लिलाववाल्याला देताना मात्र त्याचा हात जरा सैल सुटला असावा. फळबाजारात त्याने ‘एक वार!’ अशी आरोळी ठोकली की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा उचलून धरी. न जाणो, गिऱ्हाइकाचा कान जायचा!

असा हा आवाजाचा धनी पेट्यांच्या थप्पीवरून पडला. मानेतला मज्जारज्जू दुखावला, हातपाय लुळे पडले, छाती-पोटाचे स्नायू रुसले. आरोळीची कुजबुज झाली. कफ घशाशी येई आणि संकोची पाहुण्यासारखा तिथेच थबके.

“खोकल्याचा जोर मोजणाऱ्या या नळीवरचा काटा लाल रेघेपलीकडे गेला, तरच घरी,” फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावले. “कफ छातीत साचला तर जिवावर बेतेल.”

रीत अशी : बाईंनी रबरी पिशवी दाबून हवा भरायची, पहिला श्वास न सोडता त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, जणू पेटीवर पेटी. तिसऱ्याला बायकोने पोट वर दाबायचे, त्याने नळीत खोकायचे.

पण ती माउली दुसऱ्यालाच दाबी!

“अगं... तीनला!”

“तुमचे डोळे असे बाहेर आले की माझा हात थांबत नाही हो!”

“डोळे... लग्नापासून... असेच आहेत!”

“तेव्हा आवाजापुढे डोळ्यांकडे बघायला सवड कुणाला होती?”

चारदा झाले, चारही वेळा काटा रेघेच्या अलीकडेच. त्याने तोंड भिंतीकडे वळवले. तिने नाक पुसले आणि बाह्या सरसावल्या.

“बाई, तुम्ही पिशवी सांभाळा. मोजणी माझी.”

तीस वर्षे हा गृहस्थ झोपेतही लिलाव पुकारत आला होता. तिसऱ्या वाराआधी माल सुटत नाही, हे तिच्या हाडीमासी भिनले होते.

“एक वार!” पहिला श्वास भरला.

“दोन वार!” दुसरा त्यावर बसला. तिचे हात जागचे हलले नाहीत. त्याचे डोळे मात्र चमकले. बाजार भरला होता!

“तीन वार!”

हात दाबले गेले, खोकला कडाडला, काटा लाल रेघ ओलांडून गेला आणि तो संकोची पाहुणा निमूट बाहेर पडला.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा ओरडले, “माल कुणाला सुटला?”

“मला!” ती रडत-हसत म्हणाली. “घरी नेणार आहे.”

त्याने श्वास जमवला. “नीट... पारखून... घेतलास ना?”

“तीस वर्षं पारखतेय. आता परत कोण घेणार?”