जावेचे अनारसे

या दिवाळीत वजन वाढू द्यायचं नाही, असं ठरवून मी वाशिमहून कामरगावला सासरी गेले. महिनाभर गोड सोडलं होतं.

धाकटी जाऊ ओसरीवर बसून तुपात तळलेले अनारसे एकामागून एक खात होती. दोन लेकरं झाली, तरी ती लग्नातलाच ब्लाउज घालते. मला वाटतं, मी येणार असले की मुद्दाम घालते. माझ्या ब्लाउजांची आतली शिलाई उसवून उसवून संपली आहे.

सासूबाईंनी फराळाचं ताट पुढे केलं. मी हात जोडले. त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडे सणाचं ताट नाकारणारी सून डाएटवर नसते, रुसलेली असते.

"काहून खात नाही वं? कोनी काई बोललं काय तुले?"

"ताईले माहे अनारसे पटले नसतीन," जाऊ तोंडातला घास चावत म्हणाली.

"असं कसं? साऱ्या गल्लीत तारीफ होऊन राह्यली!" सासूबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. ही जावेवर जळते, असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी ताट ओढलं. पहिला अनारसा रागानं खाल्ला. तो खरंच झकास झाला होता, त्यामुळे दुसरा आणखी रागानं खाल्ला. बघता बघता ताट रिकामं झालं.

निघताना जावेनं गच्च भरलेला डबा माझ्या हातात दिला.

"घरी गेल्यावर पोटभर खा, ताई," ती म्हणाली. "मले तर काईच होत नाई."