गाळलेली दोन पानं

बाबांना पुस्तक वाचून दाखवायला लागले ती त्यांची सेवा म्हणून नव्हे. मला हरायला आवडत नाही, म्हणून. फुटबॉलमध्ये भारताच्या बाजूने उभं राहणाऱ्या बाईने हे वाक्य लिहावं याला हसणारे हसोत. हरणं सवयीचं असलं म्हणून ते आवडतं असं थोडंच आहे?

बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छापायला जाण्याआधी पानापानांतल्या चुका शोधायच्या आणि समासात लाल शाईने खुणा करायच्या, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. छापखान्यातले शिशाच्या अक्षरांचे खिळे जाऊन संगणक आले तरी चुका काही गेल्या नाहीत, त्यामुळे त्यांची खुर्चीही गेली नाही. मी खराडीच्या एका कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. खाण तशी माती. आई म्हणायची, "या घरात आमटीत मीठ कमी पडलं की मला दोन रिपोर्ट येतात."

बाबा निवृत्त झाले आणि काही वर्षांतच त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दार दिसायचं, दारात कोण उभं आहे ते ओळखू यायचं नाही. पान दिसायचं, अक्षर नाही. आणखी बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन बाबांनी पुस्तकांचं कपाट बंद केलं आणि किल्ली आईच्या हातात दिली.

मग हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. पूर्वी मी मॅच लावली की ते मुद्दाम बाहेरच्या खोलीत येत. "दीड तास खपून शून्य-शून्य? आमच्या छापखान्यात असल्या माणसांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं." आता सुट्टीला त्यांच्याकडे जाऊन मी मॅच लावली तरी ते आतून येईनात. टोमणे मारणारा माणूस टोमणे मारायचा थांबला की घर सुनं होतं. मला त्या शांततेची भीती वाटायची आणि भीती वाटली की मला राग येतो.

मी तेव्हा वाघोलीला राहायचे, आईबाबा मार्केट यार्डाजवळच्या फ्लॅटमध्ये. ऑफिसात फुटबॉलवेडे पुष्कळ होते, पण त्यांचं सगळं वेड युरोपातल्या क्लबांवर. अंगात तिकडच्या जर्स्या, तोंडात तिकडची नावं, आणि भारताची मॅच म्हटली की यांना नेमकी कामं निघायची. देशाची मॅच न चुकवणारे आम्ही सहाच जण होतो. माझ्या फ्लॅटवर जमायचो, भडंग खायचो, हरायचो आणि बचावफळीला नावं ठेवत पांगायचो.

अशाच एका मॅचच्या मध्यंतरात ऑडिओबुकवरून वाद झाला. आमच्यातले दोघे कंपनीच्या बसमध्ये कानात पुस्तकं ऐकायचे आणि महिन्याला चार पुस्तकं वाचली म्हणून मिरवायचे. मी म्हटलं, "ऐकलेलं पुस्तक वाचलं कसं म्हणता? दुसऱ्याने जेवून आपण ढेकर देण्यातला प्रकार."

आमच्यातला वर्ध्याचा मित्र भडंगाची वाटी खाली ठेवून म्हणाला, "अवं, माहा आजा रेडिओवर मॅच आयकायचा अन् गावात सांगत फिरायचा, आज मॅच पायली म्हून. कोनाची बिशाद होती त्याले खोटं म्हनायची? त्याले गोलबी दिसे अन् रेफरीची लबाडीबी दिसे."

सगळे हसले. मी मात्र वाद हरले होते, आणि हरले की मला झोप लागत नाही.

त्या रविवारी मी बाबांना मोबाइलवर एक ऑडिओबुक लावून दिलं. नावाजलेला आवाज, मागे बासरी. दहा मिनिटांत बाबांनी कानातलं काढून ठेवलं. "हा मधेच बाई होतो, मधेच म्हातारा होतो, मधेच हुंदके देतो. मला पुस्तक हवंय. नाटक बघायला मी स्वतः जाईन."

कित्येक महिन्यांत ते एवढी वाक्यं सलग बोलले नव्हते. मी तिथेच ठरवलं की मीच वाचणार. माझा आवाज सपाट आहे. बग-रिपोर्ट वाचून दाखवताना मीटिंगमध्ये लोक पेंगतात, इतका सपाट. बाबांना हुंदके नको होते, आणि ते माझ्याकडे नव्हतेच.

बाबांनी तरुणपणी तपासलेली एक कादंबरी त्यांच्या कपाटात होती. ते बंद कपाट उघडायला लावणं जिवावर आलं, म्हणून तीच आवृत्ती मी अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली आणि रोज ऑफिसातून आल्यावर थोडी थोडी मोबाइलवर रेकॉर्ड करू लागले. प्रत्येक पान सुरू करताना त्याचा आकडा सांगायचे. टेस्टरची सवय, पायरीला नंबर दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रविवारी सगळं पेनड्राइव्हवर घालून न्यायचे आणि बाबांच्या पलंगाशेजारच्या छोट्या प्लेयरला लावून यायचे.

दोन महिने गेले. बाबा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. एका रविवारी आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अगं, त्या डबीवर रुमाल घालून ठेवलाय त्यांनी. मी घरात असताना कधी आवाज ऐकला नाही. उगाच घसा कशाला कोरडा करतेस?"

मी वरवर म्हटलं, "माझा घसा, माझी मर्जी." आतून मात्र फार लागलं. बसमध्ये बसल्यावर मी स्वतःला मुदत घातली. ही कादंबरी संपेपर्यंत वाचायचं. तोवर बाबांनी बटण दाबलं नाही तर हरले म्हणून मान्य करायचं आणि त्यांना त्यांच्या अंधारात एकटं सोडायचं.

त्यानंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी भारताची मॅच होती आणि माझी आठवड्याची पानं राहिली होती. मी मित्रांना नाही म्हणून कळवलं, टीव्हीचा आवाज बंद केला आणि एक डोळा मॅचवर, एक पुस्तकावर ठेवून वाचायला बसले. वाचणाऱ्याने करू नये ते, आणि मॅच बघणाऱ्यानेही करू नये ते. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना आपल्या पोराने डावीकडून मुसंडी मारली आणि मी पुस्तकासकट उडी मारून किंचाळले. गोल. रिप्ले पाहिला, पुस्तक उचललं, पान शोधलं आणि पुढे वाचायला लागले. केलेलं परत ऐकून पाहिलं नाही. तपासल्याशिवाय काही पुढे जाऊ देऊ नका, असं रोज जगाला सांगणारी मी!

बुधवारी मी मीटिंगमध्ये असताना घरच्या लँडलाइनवरून फोन आला. आई कधीच ऑफिसच्या वेळात फोन करत नसे. मी बाहेर धावले.

फोनवर बाबा होते.

"एकशे तेरानंतर एकदम एकशे सोळा. मधली दोन पानं खाल्लीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोस्टमन पत्र घेऊन येतो. मग तू किंचाळतेस. आणि पुढच्या वाक्याला घरातली माणसं सामान बांधतायत. पत्रात होतं काय?"

"बाबा, तुम्ही ऐकताय?"

"तुझ्या आईचं दुपारी भजन असतं. ती गेली की ऐकतो. मार्केट यार्डाच्या ट्रकांच्या आवाजात कळत नाही, म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आणि विषय बदलू नकोस. पत्रात काय होतं?"

"पण ही कादंबरी तुम्हीच तपासली होती ना?"

"मी अक्षरं तपासली गं. गोष्टीत शिरलं की चूक निसटते, म्हणून शिरायचंच नाही, हीच आमची शिस्त. पस्तीस वर्षांत किती पुस्तकं नजरेखालून घातली, पण वाचली अशी थोडीच."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "घरी दोन पानं राहिलीत," म्हटलं आणि निघाले.

घरी गेले तेव्हा आई भजनाला गेलेली आणि सगळ्या खिडक्या बंद. एप्रिलच्या उकाड्यात बाबा घामाघूम होऊन पलंगावर बसले होते. मांडीवर त्यांची स्वतःची प्रत उघडी होती. कपाटाची किल्ली त्यांनी आईकडून जुनी कागदपत्रं बघायची म्हणून मागून घेतली होती. रेकॉर्डिंगमध्ये मी पानाचा आकडा सांगितला की ते त्यांच्या प्रतीचं पान उलटत. अक्षर दिसत नसताना, दोन महिन्यांहून जास्त, माझ्याबरोबर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांना दिसणार नव्हतं, पण ऐकू गेलं असावं.

"हुंदके नकोत म्हणून सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "पान एकशे चौदा."

मी डोळे पुसून त्यांच्याच पुस्तकातून दोन पानं वाचली. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी पानावरून हात फिरवला. मग मी मॅचचं आणि गोलचं कबूल केलं आणि म्हटलं की तो भाग किंकाळी काढून पुन्हा नीट रेकॉर्ड करते.

"छापून झालेल्या पुस्तकाला हात लावायचा नसतो," ते म्हणाले. "शेवटी शुद्धिपत्र जोडायचं. ही दोन पानं वेगळी वाच आणि शेवटी घाल. किंचाळणं राहू दे तिथेच."

"का?"

"परत ऐकेन तेव्हा कळायला हवं, इथे आपण गोल केला." त्यांनी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. "आता मला सांग, तो केला कसा? नुसती ओरडू नकोस. चेंडू कुठून निघाला तिथपासून सांग."