गेट किती फुटाचं?

माझं लग्न अर्ध्या तासात ठरलं होतं. लडाखला जायची चारशे सीसीची मोटारसायकल ठरवायला मात्र दोन वर्षं लागली. तिच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या बसवायला मी परभणीतल्या एका वेल्डरकडे गेलो. बोलताना एक डोळा मिटायची त्याला सवय होती, आणि उघड्या डोळ्यानं तो गिऱ्हाइकाचंच माप घेतोय असं वाटायचं. मी त्याला टॉर्कपासून ग्राउंड क्लिअरन्सपर्यंत सगळं समजावलं. त्यानं ते पोथी ऐकावी तसं निमूट ऐकलं आणि विचारलं, “घराचं गेट किती फुटाचं हाय?”

“मला लडाखला जायचंय!” मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

“जा की. पण वापस तं घरीच येताल ना?”

असल्या माणसाशी काय वाद घालायचा! मी पेट्या मला हव्या तेवढ्या रुंद करून घेतल्या. त्यानंही त्या सुरेख बनवून दिल्या. संध्याकाळी माझी लडाखची गाडी माझ्याच गेटमध्ये अडकली. शेजारच्या तिघांनी ती मागे ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून दुकानात गेलो. माझ्या नव्या गेटचं लोखंड त्यानं कालच बाजूला काढून ठेवलं होतं.