एक उजवं, दोन डावी

ओळंब्याचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, कारण सहाला बायकोला चहासाठी शेगडी लागायची. तेवढ्या वेळात निखारे त्याचे. वर्षभर सावलीत वाळवलेल्या काठ्या तो एकेक करून शेकायचा, वाकलेल्या जागी अंगठा दाबून सरळ करायचा आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचा. बाक उरला की पुन्हा शेक. शिकारीचा बाण असा होतो. एकदा शेकून सोडली तर ती काठीच राहते.

भिंत सरळ आहे का हे गवंडी ओळंब्याने पाहतो, तसा माणसांकडेही तो एक डोळा मिटून बघे, म्हणून लोक त्याला ओळंबा म्हणत. लग्न ठरवायला गेला तेव्हा मुलीकडेही तसंच पाहिलं होतं.

"तेव्हापासून सरळ चालतेय मी," बायको सांगायची.

बाणाचं अर्धं काम तिचं. टोकाला गारगोटीचं पातं राळेने चिकटवायचं आणि वरून जनावराच्या शिरेचे तंतू गुंडाळायचे. ते तंतू आधी चावून मऊ करावे लागतात. ती लग्नापासून चावत आली होती. दात एकेक करून रजेवर गेले ते परत कामावर आलेच नाहीत. आता पुढे दोनच उरले होते, तेही भांडण झाल्यासारखे लांब लांब. शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने यंदा मोठी मागणी दिली, तेव्हा ओळंब्याने ठरवून टाकलं: या पैशातून हिला कवळी.

माल पोचला. पहिली जुडी नेली ती बायकोच्याच धाकट्या भावाने. शिकारीची हौस दांडगी, नेम कच्चा. रविवारी तो खांद्याला धनुष्य लावून, शिकारीविनाच दारात उभा.

"भाऊजी, तुमचे बाण डुलतात."

"बाण डुलतो की मारणारा?"

"खरंच! रानडुक्कर समोर उभं. बाण निघाला तो शेपूट हलवत. डुकराने वळून पाहिलं, भाऊजी."

"नाचता येईना अंगण वाकडं. मागच्या वेळी वारा होता. त्याआधी उन्हाने डोळे दिपले."

"हसा, हसा. दुकानदार म्हणालाय, असंच असेल तर सगळा माल परत."

ओळंब्याचं हसू थांबलं. माल परत म्हणजे कवळी गेली.

"धनुष्य दे इकडे," तो म्हणाला.

घरामागे बाण मारून बघायला भुशाचं पोतं टेकवलं होतं. पहिला बाण शेपूट हलवत गेला आणि पोत्याच्या कडेला खरचटून पडला. दुसरा तर पोत्याच्या वाटेलाही गेला नाही.

"अंगण सरळ आहे भाऊजी," मेहुणा म्हणाला. "आताच बघितलं मी."

ओळंब्याने बाण उचलला, एक डोळा मिटला. काठी सुतासारखी सरळ. मग दुसराही डोळा उघडून त्याने पिसांकडे पाहिलं. बाणाला पिसं तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची लागतात. डाव्या पंखाचं पीस एकीकडे वळतं, उजव्याचं दुसरीकडे. इथे दोन डावी होती आणि एक उजवं. दोघं एकीकडे ओढणार, तिसरं उलटं. असं घर चालत नाही, बाण कुठला चालणार?

पिसं लावणं बायकोचं काम. पण हिरडी सुजून ती अंथरुणाला खिळली होती, म्हणून या मालाची पिसं त्याने लावली होती. डाव्या-उजव्या पिसांच्या डब्यांची सरमिसळ करू नका, असं तिने सुजल्या तोंडाने सांगितलंही होतं. 'पीस ते पीस' म्हणत त्याने दोन्ही डबे एका ताटात ओतले होते.

गप्प बसता आलं असतं. मेहुण्याच्या नेमावर कुणाचाच भरवसा नव्हता. 'तो कसा मारतो ठाऊक आहे ना?' एवढं म्हटलं असतं तरी दुकानदार हसून गप्प झाला असता. पण बाकीचे बाणही तसेच डुलणार होते.

"चुकलं माझं," ओळंबा पुटपुटला.

"काय म्हणालात?" दारातून बायको. "माझे दातच गेलेत, कान अजून आहेत. पण नीट ऐकू आलं नाही."

"मलाही नाही, ताई," मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओळंबा स्वतः जाऊन सगळा माल परत घेऊन आला. महिनाअखेर दिलात तर घेतो, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं दुकानदाराने बजावलं होतं. मग पिसं भिजवून सोडवणं, काठी खरवडणं, नवी पिसं लावणं, पुन्हा बांधणं. निम्मी मेहनत वाचवायला गेला आणि दुप्पट अंगावर घेतली. आता बायको निवडून देई आणि तो लावी.

"हे उजवं दिसतंय."

"आधी स्वतःचा उजवा हात वर करा बघू."

तो करायचाही.

तयार झालेला प्रत्येक बाण मेहुण्याने पोत्यावर मारून पाहिला. एकही डुलला नाही. काही पोत्याला लागले नाहीत, पण तेही सरळच गेले. ते ओळंबा शोधून आणायचा.

महिनाअखेर माल पोचला, पैसे हातात आले. दातांच्या डॉक्टरने वरची कवळी केली, खालचीही केली. घरी आल्यावर बायको दोघांनाही इतकं स्वच्छ, शब्दन् शब्द कळेल असं बोलली की मेहुणा हळूच म्हणाला, "भाऊजी, वरचीच घेतली असती तर भागलं असतं."