तुळशीराम मालिशवाल्याचा हलका हात

तुळशीराम मालिशवाल्याकडून आलेला माणूस निजामपुऱ्यात लांबूनच ओळखू यायचा. मान ताठ, डोळे लाल आणि तोंडात शिव्या. तरी पुढच्या शुक्रवारी तोच गडी पुन्हा त्याच्या फळीवर पालथा पडलेला. बारा-बारा तास कापडाच्या लूमवर उभं राहून पाठीचं लाकूड झालेले कारागीर सुट्टीच्या दिवशी त्याच्या दाराशी रांग लावायचे. “उस्ताद, मार डालोगे क्या?” असं कोणी कळवळलं की तुळशीराम खूश! “चिल्लाव, चिल्लाव! चिल्लाया तो समझो दर्द निकला,” म्हणायचा आणि कोपराने आणखी रेटायचा. खांद्यापासून धरायचं आणि बोटांपर्यंत दाबत न्यायचं, की दुखणं खाली उतरून बाहेर पडतं, एवढंच त्याचं शास्त्र. एवढ्या शास्त्रावर राहनाळ गावच्या या आगरी माणसाने वीस वर्षं धंदा केला.

आणि बायको मिळाली ती चंद्रा. कधी ओरडणार नाही, कण्हणार नाही. बाई न सांगण्यात एवढी पटाईत, की छातीतली गाठ तिने वर्षभर पदराखाली दडवली. सत्याऐंशी साली ती उघडकीला आली तेव्हा मुंबईला नेऊन एक बाजू काढावी लागली, काखेतल्या गाठीही गेल्या. “सांगितलं का न्हाय?” म्हणून तुळशीराम तिच्यावर दवाखान्यातच ओरडला. ती म्हणाली, “तुमाला कामं असतात.” आता यावर माणसाने काय बोलावं?

जीव वाचला. घरी आली, चूल सांभाळू लागली. पण सात-आठ महिन्यांनी त्या बाजूचा हात सुजायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत सगळा हात टम्म. तुळशीरामला वाटलं, हे तर आपलंच काम! राईचं तेल कोमट केलं, चंद्राला फळीवर बसवलं आणि खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं बळ लावून हात पिळून काढला. सूज वाढली. मग त्याने आणखी जोर लावला. तीन आठवडे हा प्रकार चालला होता आणि चंद्रा समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. एकदाही ‘हाय’ म्हणाली नाही. अरे, गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा तुला कळतं ना? मग ही ओरडत नाही हे कळू नये? पण नाही कळलं त्याला. खरं सांगायचं तर, दुखत नसेल असंच वाटलं त्याला.

मुंबईच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सुमतीबाई होत्या. त्यांनी तो काळानिळा हात पाहिला आणि कपाळाला हात लावला. “हे कुणी केलं?”

“पडले मी,” चंद्रा म्हणाली.

“मी केलं,” तुळशीराम म्हणाला. त्याची मान खाली होती.

सुमतीबाईंनी झाडलं नाही, समोर बसवून समजावलं. अंगात रक्तासारखाच आणखी एक पातळ रस फिरतो. काखेतल्या गाठींतून गाळून तो पुढे जातो. यांच्या गाठी काढल्यात, तेव्हा रस हातातच तुंबतो. तुम्ही तो उलटा बोटांकडे रेटत होतात, शिवाय एवढ्या जोराने!

“म्हणजे उघाडी बुजली,” तुळशीराम म्हणाला. खाडीकाठच्या शेतातलं पाणी ज्या वाटेने बाहेर काढतात ती उघाडी. बाई हसल्या. “अगदी तसंच. मग आता दुसऱ्या वाटेने पाणी काढायचं.”

मग त्यांनी त्याचे हात धरून शिकवलं. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. मग छातीवरून आडवं तिकडे न्यायचं. मग दंड, मग कोपर आणि बोटं सगळ्यात शेवटी, पण दिशा कायम वरची. तेल नाही. कातडी नुसती सरकली पाहिजे, खालचं मांस दबता कामा नये. वर पट्टी बांधायची. “आणि हे पक्कं लक्षात ठेवा,” त्यांनी दोघांनाही दटावलं, “या हाताला सुई नाही, चटका नाही, ओरखडासुद्धा नाही, इथे जखम लगेच चिघळते. कधी हात लाल झाला, गरम झाला, ताप आला, तर मालिश बंद! हातही लावायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टर.”

पहाडासारख्या पाठी मोडणारा माणूस, पण हलका हात काही जमेना. चार दिवस नुसता घामाघूम. चंद्राला गुदगुल्या व्हायच्या, ती खुदकन हसायची आणि हा चिडायचा. “हसू नको गं, चुकतंय माजं!” पंधरा दिवसांनी त्याचा हात बसला. सकाळी नऊ ते दहा दार लोटलेलं. गिऱ्हाईक आलं तर आतूनच आवाज, “दस बजे के बाद!” बाहेर लूमचा खडखडाट आणि आत ही दोघं.

तेवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालंच नव्हतं. तो सकाळी बाहेरच्या खोलीत फळीशी जायचा, रात्री दमून आत यायचा, जेवून आडवा व्हायचा. आता रोज तासभर समोर बसायचं, तर गप्प किती बसणार? चंद्रा बोलायला लागली. कशेळीच्या खाडीत लहानपणी बुडता बुडता वाचले ते सांगितलं. सासूचे टोमणे सांगितले, मुलगी सासरी गेली तेव्हा मोरीत बसून रडले तेही सांगितलं. तो ऐकायचा आणि हात चालू ठेवायचा. मधेच म्हणायचा, “आयला, हे मना कधीच न्हाय म्हायती.” दर सोमवारी शिंप्याच्या टेपने दंड मोजायचा. सहा महिन्यांत दोन इंच सूज उतरली. बायको आजारी आणि ते दिवस सुखाचे, असं म्हणताना जीभ अडखळते. पण होते सुखाचे. दोघांनाही ठाऊक होतं, बोललं मात्र कुणीच नाही.

नव्वदच्या वैशाखात कशेळीला चंद्राच्या भाच्याची हळद होती. थोरली बहीण धोंडूबाई हिचा मुलगा. चंद्रा दोन दिवस आधी गेली. बुधवारी परत आली ती खुशीत. गुरुवारी सकाळी तुळशीरामने पट्टी सोडली आणि थबकला.

“गरम लागतोय गं हात.”

“काल उन्हातून आले. बसमधी खिडकीशी बसलेले.”

“काय लागलं, टोचलं तर न्हाय?”

“न्हाय वो. करा तुमी.”

त्याने केलं. वैशाखाचं ऊन खरंच मी म्हणत होतं. शुक्रवारी ती त्याच्याआधी उठून बसलेली, पदर घट्ट लपेटून. लवकर करा, आज गर्दी असंल, म्हणाली. बोटं लालसर दिसली. “हळदीची कामं केली, दुसरं काय,” ती म्हणाली. डोळे मिटून पडून राहिली. त्या दिवशी तिने फारशा गोष्टी सांगितल्या नाहीत, पण दहा वाजले तसं म्हणाली, “अजून थोडं.” त्याने पंधरा मिनिटं जास्त केलं.

दुपारी जेवायला आत आला तेव्हा ती हुडहुडत होती आणि दंडापर्यंत लाल पट्टे चढले होते. उशाशी तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. तिला उचलून त्याने रिक्षात घातलं. डॉक्टरांनी विचारलं, काही टोचलं होतं का? शुद्ध होती तोवर ती मान हलवत राहिली. नाही. विष रक्तात भिनलं होतं. रविवारी दुपारी चंद्रा गेली.

तेराव्यापर्यंत तुळशीराम आपल्याच हातांकडे बघत बसला होता. गरम लागलं होतं. बोटांना कळलं होतं. मग मी ऐकलं कुणाचं?

पाहुणे पांगल्यावर धोंडूबाई त्याच्यापाशी येऊन बसली. मग म्हणाली, “भावजी, मनावर दगूड घेऊन बसले मी. मंगळवारी कोलंबी सोलताना काटा घुसला तिच्या बोटात. पट्टी सोडून बसली होती, मीबी हात लावते म्हणाली. रगात आलं. रातच्याला बोट ठणकायला लागलं. मी म्हणले, उद्या घरी गेल्यावर भावजींना सांग. तर सोताच्या गळ्याची शपथ घातली मला, कुणाला सांगू नको म्हणून.”

“पण का?”

“म्हणाली, त्यांना कळलं तर मालिश बंद करतील. सकाळचा तेवढाच तर येक तास ते माज्यापाशी बसतात.”

तुळशीरामचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. “अगं, मालिश बंद झाली असती,” तो म्हणाला, “मी बसलो असतोच की! हात न लावता नुसता बसलो असतो!”

“हे तिला म्हायती होतं का?” धोंडूबाईने विचारलं.