लानमावशीकडचं पहिलं पाऊल

आज पानग्या केल्या. केळीच्या पानाचा भाजका वास घरभर पसरला आणि शिकागोतली लानमावशी आठवली.

नव्वदच्या दशकात ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची; व्हिएतनामहून आलेली, मुलगा मात्र तिकडेच राहिलेला. व्हिएतनामी नववर्षाला घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर वर्षभराचं नशीब ठरतं म्हणे. एका वर्षी त्यासाठी तिने मला बोलावलं होतं. “तुझा पायगुण चांगला. माझा मुलगा तिकडून येईल.”

त्याच पहाटे रत्नागिरीहून फोन आला. आई गेली. सुतकातलं पाऊल तिच्या दारात कसं टाकू? आणि सणाच्या दिवशी हे सांगू तरी कशी? मी वरच बसून राहिले. माझी वाट बघत ती आलेल्यांना दारातूनच परत पाठवत होती, ते ऐकू येत होतं.

संध्याकाळी ती केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन वर आली.

“विसरलीस?”

“हो मावशी, विसरले.”

भात माझ्या हातात ठेवून ती हळूहळू जिना उतरली. पुन्हा तिने कधी बोलावलं नाही.

त्या सणाला ते लोक वारलेल्या माणसांनाही उदबत्ती लावून घरी जेवायला बोलावतात, हे मला फार उशिरा कळलं. खरं सांगितलं असतं, तर तिने माझ्या आईचंही पान वाढलं असतं.